खोलीतला उष्मा कोणाचा? ‘हॉट योगा’चा इतिहास, गोवंडीहून पाहिलेला

१/
मुंबईच्या पश्चिम उपनगरांत ‘हॉट योगा’चे वर्ग चालतात. खिडक्या बंद करून, हीटर लावून खोलीचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास नेले जाते आणि त्या उष्म्यात आसने केली जातात. ‘प्राचीन भारतीय साधना’ अशी त्याची ओळख पुष्कळदा करून दिली जाते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला अशा वेळी एकच गोष्ट सुचते : प्राचीन म्हणजे नेमके केव्हा, कोठे आणि कोणासाठी, हे तपासून पाहावे. हा धागा त्या तपासणीचा आहे.

२/
निष्कर्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे वाट सोपी होईल. आपल्या परंपरेत उष्णतेची तीन निरनिराळी घरे होती. अग्नीजवळ बसणे हे तपस्व्याचे व्रत होते. तापवलेली खोली हा वैद्याचा उपचार होता. हठयोगाच्या ग्रंथांनी मात्र अग्नी साधकाच्या कुटीबाहेर ठेवला. ही तीन घरे एका छपराखाली आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीही भारताबाहेर. आता एकेक पुरावा पाहू.

३/
आरंभ हठयोगाच्या सर्वपरिचित ग्रंथापासून करू. स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ साधारणतः पंधराव्या शतकातील मानली जाते. साधकाची कुटी कशी असावी, याचे तपशीलवार वर्णन तीत आहे. दार लहान असावे, जमीन शेणाने सारवलेली असावी, कुटी स्वच्छ आणि निर्जंतुक असावी. आणि साधकाभोवती एका धनुष्याच्या अंतरात दगड, पाणी आणि अग्नी असू नये. एक धनुष्य म्हणजे चार हात, ढोबळमानाने सहा फूट. हे अंतर लक्षात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

४/
याच ग्रंथात अभ्यासाच्या प्रारंभकाळी काय टाळावे याची यादी आहे. अग्नीजवळ शेकत बसणे तीत येते. पहाटेचे गार स्नान, उपवास आणि शरीराला क्लेश देणाऱ्या क्रियाही येतात. म्हणजे ग्रंथकाराला थंडीची टोके नको आहेत आणि उष्णतेचीही. शरीराची परीक्षा पाहणे हा त्याचा हेतू नाही. शरीर इतके स्वस्थ ठेवावे की त्याकडे लक्ष जाऊ नये, असा त्याचा रोख आहे.

५/
मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला ‘ज्ञानेश्वरी’त मिळेल. सहाव्या अध्यायात ज्ञानदेव योगाभ्यासाच्या जागेचे वर्णन करतात, तेव्हा तेथे दाट झाडी आहे, निर्मळ पाण्याचे झरे आहेत, वारा मंद आहे. ऊनही थोडेसेच आणि तेही शीतल. त्याच अध्यायात पुढे कुंडलिनीच्या जागृतीचे विलक्षण दाहक वर्णन येते. ती शक्ती देहातील मांसाचाही घास घेते. पण हा सारा दाह देहाच्या आत आहे. बाहेर सावली आणि आत अग्नी, अशी ही रचना आहे.

६/
‘घेरंडसंहिता’ हा त्यानंतरचा, साधारणतः सतराव्या-अठराव्या शतकातील ग्रंथ. योगाभ्यास वसंतात किंवा शरदात सुरू करावा. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत सुरू करू नये, असे तो सांगतो. हाच ग्रंथ शरीराला कच्च्या मडक्याची उपमा देतो. पाण्यात ठेवलेले कच्चे मडके विरघळून जाते, म्हणून योगाच्या अग्नीत ते भाजून पक्के करावे. हॉट योगाच्या समर्थनार्थ ही उपमा सहज वापरता येईल. मात्र भाजणारा अग्नी येथे योगाचाच आहे. तो भिंतीवर टांगलेला नाही.

७/
आणि घामाचे काय? घाम ग्रंथांना ठाऊक होता. प्राणायामाच्या पहिल्या पायरीवर घाम येतो, दुसरीवर कंप सुटतो आणि तिसरीवर स्थैर्य येते, असा क्रम ‘हठप्रदीपिके’त आहे. श्रमाने आलेला तो घाम अंगालाच चोळावा, त्याने शरीर दृढ आणि हलके होते, असेही ती सांगते. म्हणजे घाम ही सर्वांत खालच्या पायरीची खूण होती. तो जास्तीत जास्त यावा, त्यावाटे शरीरातील ‘विषे’ निघून जावीत, ही कल्पना तेथे नाही.

८/
आता पहिले घर, तपस्व्याचे. ‘तप’ या शब्दाचा मूळ अर्थच तापणे. ग्रीष्मात चारी दिशांना चार अग्नी पेटवायचे आणि माथ्यावरचा सूर्य पाचवा मानायचा, हे पंचाग्निसाधन ‘मनुस्मृती’त वानप्रस्थाला सांगितले आहे. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात कालिदासाची पार्वती हेच तप करते. आजही काही बैरागी उन्हाळ्यात धुन्यांच्या कड्यात बसतात. येथे उष्णता आरोग्यासाठी नसते. देहाला जे सोसवत नाही ते स्वेच्छेने सोसून दाखवणे, यातच त्या व्रताचे सामर्थ्य मानले गेले आहे.

९/
दुसरे घर वैद्याचे. ‘चरकसंहिते’च्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्णपणे स्वेदनावर, म्हणजे घाम आणण्याच्या उपचारांवर आहे. अग्नीच्या साहाय्याने करावयाचे तेरा प्रकार आणि अग्नीवाचूनचे दहा. या दहांत व्यायाम आहे, जड पांघरूण आहे, भूक, भय आणि क्रोध आहेत, आणि ‘उष्णसदन’ म्हणजे उबदार घरही आहे. हॉट योगातील दोन्ही घटक, व्यायाम आणि उष्ण खोली, या यादीत दिसतात. पण ते वेगवेगळे उपाय म्हणून. एकावर एक चढवलेले नव्हेत.

१०/
त्या तेरांपैकी ‘जेन्ताक’ हा प्रकार तर आजच्या सौनाची आठवण करून देतो. जलाशयाकाठी मातीची गोल कुटी बांधायची, तिला पुष्कळ झरोके ठेवायचे, मध्यभागी निखाऱ्यांची भट्टी आणि भिंतीलगत बसा-झोपायला ओटा. रुग्णाला आत पाठवताना वैद्याने काय बजावावे, तेही दिले आहे. भोवळ आली तरी ओटा सोडून भलतीकडे जाऊ नकोस, दाराची वाट चुकशील. ओट्याच्या कडेकडेनेच दारापर्यंत ये. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी घेऊ नकोस, थोडा वेळ थांब, मग कोमट पाण्याने स्नान कर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सूचनांमागे किती प्रत्यक्ष अनुभव असावा!

११/
चरकाने मर्यादाही घातल्या आहेत. गर्भवती, प्रमेही, नित्य मद्य पिणारे, पित्तप्रकृतीचे, भुकेले, तहानलेले, थकलेले अशांना स्वेदन देऊ नये. अंगातील थंडी, दुखणे, ताठरपणा आणि जडपणा गेला की थांबावे. घाम अति झाला तर दाह, तहान, मूर्च्छा, शक्तिपात ही लक्षणे दिसतात. तेव्हा ग्रीष्म ऋतूतील शीतल पथ्य लावावे. आणि ग्रीष्मातील पथ्य कोणते? त्यात व्यायाम टाळण्यास सांगितले आहे. थोडक्यात, तापवलेल्या खोलीला आपल्याकडे आधार आहे. पण तो वैद्यकाचा आहे, नेमक्या रोग्यासाठी आहे आणि थांबण्याच्या खुणेसह आहे.

१२/
बौद्ध विनयातही अशी खोली आहे. तिचे नाव ‘जंताघर’. ‘चुल्लवग्गा’तील कथेनुसार भिक्षूंना आजार जडू लागले, तेव्हा जीवक वैद्याने बुद्धांना दोन गोष्टींची परवानगी मागितली : चालण्यासाठी चंक्रमण आणि घामासाठी जंताघर. दोन्हींना अनुमती मिळाली. पुढे अडचणी येत गेल्या आणि नियम वाढत गेले. भट्टी लहान खोलीत कडेला असावी, मोठ्या खोलीत मध्यावर. धुरासाठी वाट ठेवावी. चेहरा भाजू नये म्हणून माती लावावी. हा उष्मा साऱ्या संघाचा होता आणि त्याचे नियम साऱ्यांच्या अनुभवातून घडत होते.

१३/
आता एकदम विसाव्या शतकात आणि मुंबईत येऊ, कारण आज आपण ज्याला ‘योगाचा वर्ग’ म्हणतो तो घडवण्यात या शहराचा वाटा मोठा आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले मणिभाई देसाई, म्हणजेच पुढचे श्रीयोगेंद्र, यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. संसारी, नोकरदार माणसाने घर न सोडता करावा असा योग, ही त्यांची भूमिका होती. पुढे ही संस्था सांताक्रूझला स्थिरावली.

१४/
मालसरचे परमहंस माधवदास हे श्रीयोगेंद्रांचे गुरू. त्यांचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांच्या तालमीत ते घडले आणि पुढे अमळनेरला अध्यापन केले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासले. १९३०च्या दशकात त्यांचे आरोग्यकेंद्र मुंबईत मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या वाऱ्यात उभे राहिले.

१५/
या दोघांच्या योगात थकवा हे यशाचे माप नव्हते. तालमीतला जोर-बैठकांचा व्यायाम आणि आसने यांत कुवलयानंदांनी स्पष्ट भेद केला. आसने सावकाश, ताण न देता करावीत, हा त्यांचा आग्रह होता. खोली तापवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. जे शहर वर्षातील आठ महिने घामाने भिजलेले असते, तेथील माणसाला घाम आणून देणे ही सेवा कशी ठरावी?

१६/
तरीही त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, मुद्दाम उष्ण आणि दमट ठेवलेल्या खोल्या होत्या. त्या गिरणगावात होत्या. कोरड्या हवेत कापसाचे सूत ठिसूळ होते आणि मागावर तुटते. म्हणून साचेखात्यात वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडून हवा दमट ठेवली जाई. खिडक्या बंद असत. कामगार उघड्या अंगाने तासन्‌तास साच्यांपुढे उभे राहत. हा कृत्रिम दमटपणा इतका जाचक ठरला की १९२०च्या दशकात सरकारला त्याची स्वतंत्र चौकशी करवावी लागली आणि कारखान्यांच्या कायद्यात हवा व आर्द्रता यांविषयी नियम आले.

१७/
हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १९२४ मध्ये लोणावळ्यात एक प्रयोगशाळा मोजत होती की आसनाने शरीरावर किती दाब येतो. त्याच सुमारास परळ-लालबागच्या साचेखात्यांत तापमापक टांगले जात होते, आणि तेथे तापमान ठरत होते ते सुताच्या प्रकृतीनुसार. मुंबईच्या इतिहासात ‘उष्ण, दमट, बंद खोली’ शोधायला निघालो तर ती योगशाळेत सापडत नाही. ती गिरणीत सापडते. तेथे घाम गाळणाऱ्याला मजुरी मिळे. घाम गाळण्याचे शुल्क कोणी भरत नसे.

१८/
मग खोली तापवली कोणी? त्यासाठी कोलकात्याला जावे लागेल. ‘योगी कथामृता’चे लेखक परमहंस योगानंद यांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये तेथे व्यायाममहाविद्यालय काढले. वजने उचलणे, स्नायूंवर ताबा मिळवणे आणि आसने यांचा त्यांनी मेळ घातला. रोग्याची तक्रार पाहून त्याला निवडक आसने नेमून द्यायची, ही त्यांच्याकडची पद्धत होती. प्रत्येकाला एकच क्रम नव्हता आणि तापवलेली खोलीही नव्हती. या घोषांचा एक शिष्य म्हणजे बिक्रम चौधरी.

१९/
बिक्रम १९७०च्या दशकाच्या आरंभी जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी : टोकियोच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची अंगे आखडत, म्हणून त्याने खोलीत हीटर आणले आणि उष्णता वाढवत नेली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्याचे ठरीव रूप झाले. दोन श्वसनक्रियांसह एकूण २६ प्रकार, ९० मिनिटे, १०५ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ४०.६ अंश सेल्सियस आणि ४० टक्के आर्द्रता. १९७८ मध्ये या क्रमाचे पुस्तक निघाले. ज्या हीटरला आपण प्राचीन समजतो त्याचे वय असे जेमतेम पन्नास वर्षांचे आहे आणि त्याची जन्मभूमी थंडीची आहे.

२०/
बिक्रमने या क्रमावर मालकी सांगितली. परवान्यावाचून शिकवणाऱ्यांवर दावे लावले. भारतात त्यामुळे अस्वस्थता पसरली. पारंपरिक ज्ञानाच्या सरकारी अंकीय संग्रहात शेकडो आसनांची नोंद करण्यात आली, जेणेकरून परदेशात कोणी त्यांवर एकाधिकार सांगू नये. अखेर ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की आसनांचा क्रम ही एक पद्धती आहे, आणि पद्धतीवर लेखाधिकार मिळत नाही. त्यानंतर ‘बिक्रम’ हे नाव अनेक ठिकाणी मागे पडले आणि ‘हॉट योगा’ हे बिनमालकीचे नाव पुढे आले.

२१/
नाव मागे पडण्याला आणखी गंभीर कारण होते. अनेक शिष्यांनी बिक्रमवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्याच्या माजी कायदेविषयक सल्लागार स्त्रीने लावलेल्या दाव्यात २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने तिला ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम देवविली. तो अमेरिका सोडून गेला. या प्रकरणाचा उष्म्याशी संबंध एवढाच की जेथे एकच माणूस दार, पाणी आणि तापमान यांवर हुकमत गाजवतो, तेथे ‘सोस, म्हणजे शुद्ध होशील’ हे वाक्य फार सोयीचे ठरते. जंताघराचे नियम संघाच्या अडचणींतून वाढले; येथे नियम गुरूच्या इच्छेतून आले.

२२/
एवढे वाचून झाल्यावर प्रत्यक्ष पाहणे उरले होते, म्हणून गेल्या मे महिन्यात मी एका वर्गाला गेले. गोवंडीहून हार्बरची गाडी, वडाळ्याला बदल, पुढे पश्चिम उपनगर. खोलीत शिरताच अंगावर आली ती उकळत्या पाण्याच्या भांड्यावरून झाकण उचलल्यासारखी हवा. समोर आरसे, खाली चटई आणि चटईवर टॉवेल. पहिल्या श्वसनक्रियेतच कपाळावरून धारा लागल्या. अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन ही ओळीने झाली. अंग खरोखर एरवीपेक्षा अधिक वाकत होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. सत्तर मिनिटांनंतर उष्ट्रासनात डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मी चटईवर बसून राहिले.

२३/
शिक्षिका सौम्य होत्या. “बाहेर जाऊ नका, बसून श्वास घ्या,” एवढेच त्या म्हणाल्या. मला जेन्ताकातील ओटा आठवला, आणि सूचना एकच असूनही तिच्यामागची व्यवस्था किती वेगळी आहे, हेही जाणवले. चरकाच्या वैद्याने रुग्णाला आत पाठवण्यापूर्वी त्याची तहान, भूक, प्रकृती पाहिलेली असे. येथे एका छापील कागदावर सही घेतली होती. वर्ग संपल्यावर मात्र सर्वांचे चेहरे उजळलेले होते, माझाही. गार हवेत बाहेर येण्याचे सुख खोटे नव्हते.

२४/
घरी आल्यावर आईला सारे सांगितले. आई आमच्या पोटमाळ्यावर शिवणयंत्र चालवते; वर पत्रा आहे. तिने सुईत दोरा ओवता ओवता ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे एवढी वीज जाळून त्यांनी आपला पोटमाळाच तयार केला की!” मी हसले. पण इतिहासात कोणतेही विधान, ते आईचे असले तरी, तपासून घ्यावे लागते. सुदैवाने हे विधान मोजून तपासता येते.

२५/
शरीर घामाने थंड होत नाही. घाम वाळल्याने थंड होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पाऱ्याच्या टोकाला ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा महत्त्वाचा मानतात. घाम वाळायला हवेत किती वाव आहे ते त्यावरून कळते. बिक्रमच्या खोलीत, ४०.६ अंश आणि ४० टक्के आर्द्रता धरली, तर हा आकडा सुमारे २९ अंश येतो. आणि मुंबईतली मे महिन्याची दुपार, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असलेली? सुमारे २८.४ अंश.

२६/
अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, एवढाच फरक! आणि ही तुलना मोकळ्या हवेशी झाली. तापलेल्या पत्र्याखाली, वारा नसताना, शेजारी स्वयंपाक चालू असताना तो फरकही उरणार नाही. आईचे विधान आकड्यांनी टिकते. हॉट योगाची खोली थंड देशात विलक्षण असेल. गोवंडीत ती मे महिन्याची नेहमीची दुपार आहे. भेद एवढाच की तेथील ९० मिनिटांना शेवट आहे, बाहेर वातानुकूलित स्वागतकक्ष आहे आणि तापमानाचे बटण कोणाच्या तरी हाती आहे.

२७/
गोवंडीचा उष्माही निसर्गाने एकट्याने घडवलेला नाही. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडतो आहे. १९७१ मध्ये कत्तलखाना येथे आला. शहरातून उठवलेल्या वस्त्यांना शिवाजीनगर-बैंगनवाडीत दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे आखून देण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याचा डोंगर पेटला तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महापालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व प्रभाग शहराच्या २४ प्रभागांत सर्वांत तळाशी होता.

२८/
पुनर्वसनाच्या इमारतींनी पत्रे गेले, पण हवा आली नाही. गोवंडी-मानखुर्दच्या काही वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. २०१८ मध्ये पुढे आलेल्या एका अभ्यासाने तेथील क्षयरोगाचा संबंध ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांशी जोडला. ज्ञानदेवांनी साधकाच्या जागेसाठी मागितलेल्या मंद वारा आणि शीतल ऊन या गोष्टी येथे आरोग्याच्या किमान गरजा ठरतात.

२९/
आता ते धनुष्यभर अंतर आठवावे. ‘हठप्रदीपिका’ साधकाभोवती सहा फुटांत अग्नी नको म्हणते. दहा बाय पंधरा फुटांच्या घरात शेगडी एका कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यापासून सहा फूट सोडले, तर पाच-सहा माणसांच्या अंथरुणांना, कपाटाला, पाण्याच्या पिंपाला आणि शिवणयंत्राला काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. योगग्रंथातील तो नियम आपण अध्यात्माचा म्हणून वाचतो. गोवंडीत वाचला तर तो घरबांधणीचा नियम वाटतो.

३०/
म्हणून माझा आक्षेप हॉट योगा करणाऱ्यांवर नाही. ज्याची प्रकृती निकोप आहे त्याने तो अवश्य करून पाहावा. पाणी पिऊन जावे, भोवळ आल्यास थांबावे, आणि गर्भवती, मधुमेही किंवा हृदयरोगी व्यक्तींनी आधी डॉक्टरांना विचारावे. चरक याहून वेगळे सांगत नव्हता. आक्षेप आहे तो ‘प्राचीन’ या शब्दावर. तो शब्द उष्म्याला पावित्र्य देतो आणि मग उष्मा सोसणे हाच गुण ठरतो. परंपरेचे साक्षीदार तर उलट बोलत आहेत. तपस्वी उष्मा स्वतः निवडत होता, वैद्य तो मोजून देत होता, योगी तो दूर ठेवत होता. न निवडलेल्या, न मोजलेल्या, टाळता न येणाऱ्या उष्म्याला यांपैकी कोणीही साधना म्हटलेले नाही.

३१/
गिरणीतल्या साचेखात्याचा उष्मा हा अखेर कायद्याचा विषय झाला, कारण कामगारांनी त्याला नशीब मानले नाही आणि कोणीतरी तापमापक घेऊन आत गेले. आज पत्र्याखालच्या पोटमाळ्यांवर, जरीच्या कारखान्यांत, पुनर्वसनाच्या तळमजल्यांवर मे महिन्यात नियमित तापमापन व्हायला हवे. शहराच्या उष्मा-आराखड्यात हवामानखात्याच्या केंद्रांचे आकडे पुरेसे नाहीत. माणसे जेथे घाम गाळतात तेथले आकडे लागतील. योगाच्या वर्गात भिंतीवर लावलेला साधा तापमापक आणि आर्द्रतामापक दोन्ही आहेत. ते घरात टांगायला फार खर्च येत नाही. यंदा आमच्या गल्लीतल्या चार घरांत आम्ही ते लावले आहेत. दुपारी दोनचे आकडे वहीत उतरवणे सुरू आहे.

धागा येथे पूर्ण झाला. आपल्या घरातील किंवा कारखान्यातील आठवणी, विशेषतः साचेखात्यात काम केलेल्या आजी-आजोबांच्या, प्रतिक्रियांत जरूर लिहाव्यात.